प्रश्नचिन्हाच्या पुढे

घर दिसलं नाही. प्रीतीनं वेबसाइटचं पान पुन्हा मागवलं, तरी दिसलं नाही. राजारामपुरीतल्या भाड्याच्या खोल्या एकाखाली एक आल्या होत्या. पिठाच्या गिरणीवरची खोली होती, दवाखान्यामागची होती, पण ज्या घराच्या माडीवर ती स्वतः दोन वर्षं राहत होती ते नंदिनी काकूंचं घर तेवढं नव्हतं. माडीवरची तिच्या शेजारची खोली गेल्या आठवड्यात रिकामी झाली होती. गुंडूनं काकूंच्या सोप्यात बसून, चहा पिऊन, तिची माहिती भरून आणली होती आणि प्रीतीनंच ती साठवलेली पाहिली होती. खिडकी पूर्वेला, पाणी सकाळचं, जिना बाहेरून. म्हणजे घर आत होतं, फक्त बाहेर येत नव्हतं. चूक आपलीच असणार, असं तिला वाटलं, आणि जरा बरंही वाटलं. स्वतःची चूक शोधण्यात एक निवांतपणा असतो. ती सापडते.

दुपार होती. शाहूपुरीतल्या त्या ऑफिसात लोडशेडिंगच्या वेळी इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर चालत, पंखे नाहीत. खालच्या अडत दुकानांतून गुळाचा उबट, जड वास वर यायचा आणि कीबोर्डसुद्धा चिकट झाल्यासारखा वाटायचा. कंपनी सौमित्रची. पुण्यात चार वर्षं नोकरी करून तो परत आला होता आणि कोल्हापुरातले घरमालक नि भाडेकरू यांची गाठ घालून देणारी वेबसाइट काढत होता. उद्या सकाळी घरमालकांना बोलावून ती दाखवायची होती. मालकांनी होकार दिला तर कंपनी चालणार, नाही तर सौमित्र पुन्हा पुण्याला आणि प्रीती गावी, गारगोटीला. घरोघर जाऊन माहिती आणायचं काम गुंडूचं. आणि शोध चालवण्याचं, म्हणजे साइटचा खरा जीव, प्रीतीचं.

तिनं लिहिलेल्या भागाला बाइंडर म्हणत. पत्त्याच्या ओळीत एक प्रश्नचिन्ह येतं. त्याच्या अलीकडे पानाचं नाव, पलीकडे शोधणाऱ्याची माहिती: नाव, गाव, वस्ती, परवडणारं भाडं, एकापुढे एक. बघणाऱ्याला ती नुसती लांबलचक ओळ दिसते. तिचे तुकडे सोडवायचे आणि प्रोग्रॅमच्या आत ‘भाडेकरू’ नावाचा जो ऑब्जेक्ट असतो त्याच्या कप्प्यांत एकेक तुकडा जागच्या जागी ठेवायचा, हे बाइंडरचं काम. तयार बाइंडर मिळत होता, पण तो सरळ माणसांसाठी केलेला. भाड्याच्या जागी आकडा असेल तरच त्याला कळे. इथं लोक ‘दोन हजारच्या आत’ लिहायचे, गावाच्या जागी गाव, तालुका आणि वर तिकडं जाणारी एसटीसुद्धा लिहायचे. म्हणून प्रीतीनं स्वतःचा बाइंडर लिहिला. तो काहीही वाचायचा आणि त्यातून माणूस उभा करायचा. पहिल्यांदा तो नीट चालला तेव्हा तिला आत कुठेतरी शिवणाच्या मशीनवर दोरा न तुटता लांब शिवण जावी तसं वाटलं होतं. ‘भाडेकरू’मध्ये एक कप्पा असा होता की त्याचा तुकडा पत्त्यात येतच नसे. त्याचं नाव ‘विभाग’. गाव आणि वस्ती पाहून तो बाइंडरनं आपल्या मनानं भरायचा होता. कुठल्या वस्तीला कुठला आकडा ते गुंडूनं सांगितलं होतं. जिल्ह्यातली वाडी न् वाडी त्याला तोंडपाठ. अंतरासाठी असेल, असं प्रीती समजली होती. लांबच्यांना लांबचा आकडा. समजली होती, म्हणजे तिनं विचारलं नव्हतं.

तिनं एकेक तुकडा बदलून पाहायला सुरुवात केली. तपासायला तिनं स्वतःचीच माहिती घातली होती, कारण काकूंचं घर तिला दिसायलाच हवं ही एकच गोष्ट तिला नक्की ठाऊक होती. भाडं वाढवलं. घर नाही. ‘प्रीती भाऊसो वाघापूरकर’ काढून दुसरंच नाव घातलं. नाही. गारगोटी काढून पन्हाळा घातलं. नाही. मग गारगोटी परत ठेवलं आणि वस्तीच्या पुढचा शब्द खोडला. समतानगर. पान आलं तेव्हा पडद्यावर कितीतरी खोल्या होत्या आणि त्यात सगळ्यांत वर काकूंचं घर, जिना बाहेरून. ती बघत राहिली. मग तिनं समतानगर पुन्हा लिहिलं. घर गेलं. पुन्हा खोडलं, आलं. लिहिलं, गेलं. कुणी दार उघडावं, तोंड बघावं आणि लावून घ्यावं, पण आवाज न करता. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पलीकडच्या टेबलावर सौमित्र फोनवर हसत होता आणि तिला पहिला विचार आला तो हा, की पडदा पुसायला हवा. तिनं पडद्यावरची ती खिडकी बंद केली. मग तिला कळलं, आपण लपवलं ते सौमित्रचं काम नव्हे, आपली वस्ती.

“सर,” ती म्हणाली, “विभागाच्या कप्प्यात काहीतरी बग आहे. वस्ती घातली की काही घरं गायब होतात.”

“बग नाही तो,” सौमित्र फोन ठेवत म्हणाला. “तेच तर आपलं वैशिष्ट्य. बाकीच्या साइटवर हे नाही.”

“म्हणजे?”

“अगं, मालक विचारतातच ना? दारात उभं करून विचारतात. गाव कुठलं, गावात घर कुठं, पाहुणे कोण. मग आज देतो, उद्या देतो. त्या माणसाच्या चार चकरा, वर अपमान. आपण काय करतो? ज्याला मिळणार नाही ती खोली त्याला दाखवतच नाही. नाही म्हणायची वेळच येत नाही कुणावर. दोघांचाही मान राहतो.” त्यानं खांदे उडवले. तो वाईट माणूस नव्हता. तिच्या वडिलांच्या आजारपणात त्यानं न विचारता सुट्टी दिली होती. “मला विचारशील तर मी असलं काही मानत नाही. पण घर त्यांचं आहे.”

“मालकांनी हे असं लिहून दिलंय?”

“लिहून कोण देतंय? गुंडू बोलतो त्यांच्याशी. त्याला बरोबर समजतं.” मग तो तिच्याकडे वळला. “तू कुठल्या नावानं टेस्ट केलंस?”

“असंच एक नाव,” प्रीती म्हणाली.

गुंडू दारातल्या खुर्चीवर बसून पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली केला नाही. फक्त पान उलटायचा थांबला.

गुंडूला माहीत आहे, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यानं मोठ्यानं विचारलं होतं, “पावणं, गाव कुठलं म्हणायचं?” गारगोटी, ती म्हणाली होती. “गारगोटीत कुठं? मी त्याच बाजूचा हाय की!” बाजाराच्या पलीकडं, ती म्हणाली. बाजाराच्या पलीकडं खूप काही होतं. तो तिच्याकडे बघून “व्हय व्हय,” म्हणाला होता आणि त्यानंतर तिला ताई म्हणू लागला होता. त्यात आदर होता की अंतर, हे तिला ठरवता आलं नव्हतं. वाघापूरकर या आडनावातून काही कळत नाही. गावावरून पडलेलं आडनाव कुणाचंही असू शकतं. आणि भाऊसोंचा, तिच्या वडिलांचा, एक नियम होता. ते शाळेत मास्तर, नियम करायची सवय. “खोटं बोलायचं न्हाय. पण इचारल्याबिगर सांगायचं बी न्हाय.” या दोन वाक्यांच्या मध्ये जेवढी जागा होती तेवढ्यात प्रीती कोल्हापुरात राहत होती.

संध्याकाळी ती बस न धरता चालत निघाली. तिला आठवलं ते ९३ किंवा ९४ साल असावं. भाऊसोंची वर्षभराच्या कोर्ससाठी कोल्हापूरला नेमणूक झाली होती आणि खोली बघायला ते तिला बरोबर घेऊन हिंडत होते. मूल बरोबर असलं की लोक बिऱ्हाडाला विश्वासानं खोली देतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मंगळवार पेठेत एका दाराशी पत्र्याची पाटी होती, निळ्या अक्षरांत: खोली भाड्याने देणे आहे. दारातल्या बाईनं तिच्या गालाला हात लावला, गोड आहे म्हणाली, आणि मग गाव विचारलं. मग गावात कुठं. भाऊसोंनी सांगितलं. खोटं बोलायचं नव्हतं आणि विचारलेलं होतं. बाई म्हणाली, अगंबाई, कालच दिली की खोली, आमच्या पाहुण्यांनाच. ती खरोखर ओशाळलेली दिसली. तिनं प्रीतीच्या हातात एक पेरू ठेवला. कोपऱ्यावर वळताना प्रीतीनं मागं बघितलं तर पाटी तशीच. “पाटी काढायची इसारली असंल बिचारी,” भाऊसो म्हणाले आणि एवढ्या मोठ्यानं हसले की समोरून येणारा सायकलवाला थबकला. तेव्हा तिला तो विनोद कळला नव्हता. पेरू मात्र तिनं खाल्ला होता. आता चालता चालता तिला वाटलं, त्या बाईला निदान तोंड होतं. तिला ओशाळावं लागलं. पाटी तशीच राहिली म्हणून भाऊसोंना हसता आलं. आपण लिहिलेल्या ओळींत बाई नाही, पाटी नाही. समतानगरच्या माणसाला दिसणारं कोल्हापूर मुळातच लहान असेल आणि तो म्हणेल, खोल्याच नाहीत बाबा या गावात. आणि हे सगळं बिनचूक चालेल, कारण ते तिनं लिहिलं होतं.

काकूंनी जिन्याखालीच तिला गाठलं. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या. आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. “उद्या मी येणार आहे गं तुमच्या कार्यक्रमाला. पहिल्या रांगेत बसणार, आणि तिथूनच मुलीकडे पन्हाळ्याला जाणार. दुसऱ्या किल्ल्या तुझ्याकडे ठेव. आमच्या घराचं नाव त्या पडद्यावर येतंय म्हणजे काय!” प्रीती हसली. काकूंच्या खांद्यावरून तिला देवघर दिसत होतं. रविवारी काकू जोतिबाला जात, कधी मुलीकडे पन्हाळ्याला राहत, तेव्हा घराच्या किल्ल्या प्रीतीकडे असत आणि संध्याकाळचा दिवा तिनं लावायचा असे. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती नाही म्हणू शकली असती. आपल्या घरी देव नाहीत, आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच देव घरातून गेले, असं सांगता आलं असतं. पण तसं कुणी विचारलं नव्हतं. तिनं वात पुढं ओढली, काडी लावली आणि ती हात न जोडता उभी राहिली. दर वेळी ती तशीच उभी राहायची आणि दर वेळी तिला वाटायचं, मागं कुणीतरी आहे. भीती देवाची नव्हती. उद्या कळलं तर काकू हे देवघर पुसून घेतील, आणि पुसताना त्यांना रडू येईल, या चित्राची होती. रागावलेल्या काकू तिला परवडल्या असत्या. रडत पुसणाऱ्या काकू नाही.

त्यातच घरचा फोन आला. भाऊसो नेहमीचं विचारत होते. जेवलीस का, पगार झाला का. मग म्हणाले, “खोली बरी हाय न्हवं?” बरी आहे, ती म्हणाली. “मालकीण?” चांगली आहे. “इचारलंय का काय कधी?” नाही, ती म्हणाली. “मग झालं तर,” भाऊसो म्हणाले. त्या ‘मग झालं तर’मध्ये तिला पहिल्यांदाच दमलेला माणूस ऐकू आला. तिला विचारावंसं वाटलं, तो पेरू तुम्ही मला का खाऊ दिलात? पण ते विचारायलाही फार सांगावं लागलं असतं.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. ‘भाडेकरू’ उघडला आणि ‘विभाग’ची ओळ निवडून ठेवली. ओळ पडद्यावर निळी झाली. एक बटण दाबलं की कप्पा जाणार होता. कप्पाच नसला की बाइंडर काही बसवणार नाही, सगळ्यांना सगळी घरं दिसतील, आणि मालकांच्या बैठकीत ते कुणाच्या ध्यानातही येणार नाही. सौमित्रला आठवड्याभरानं कळेल. काकूंना कधीच नाही. ती राहील, दिवा लावील, आणि कुणी समतानगरचा माणूस काकूंचं घर पडद्यावर बघून जिन्यापर्यंत येईल. मग काकू त्याला गाव विचारतील आणि त्या वेळी माडीवर प्रीती आपल्या खोलीत बसून ते ऐकत असेल. तिनं बोट बटणावरून काढलं. भाऊसोंच्या दोन वाक्यांमधली जागा आता फार अरुंद झाली होती. श्वास घेतला तरी दोन्हीकडे लागत होती. जिन्यावर पावलं वाजली, तेव्हा ती ओळ अजून निळीच होती. तिनं ती तशीच सोडून फाइल मिटली.

मालक आले ते मोठ्यानं बोलतच. सौमित्रनं प्रोजेक्टर भाड्यानं आणला होता आणि भिंतीवर पांढरा चौकोन पडला होता. आण्णा नावाचे एक मालक, पिठाच्या गिरणीचे, येऊन बसतात न बसतात तोच ओरडले, “पावणं, आधी आमची खोली दावा की! न्हायतर उगं चहा पाजून लावून द्याल!” सगळे हसले. काकू पहिल्या रांगेत, ठेवणीतल्या साडीत, मांडीवर पर्स धरून. गुंडू दाराशी उभा होता. सौमित्रनं भाषण केलं, त्यात ‘मान’ हा शब्द पुष्कळदा आला. मग तो म्हणाला, “आता आपण प्रत्यक्ष बघू. भाडेकरू म्हणून कुणाचंही नाव सांगा.”

“कुणाचंही कशाला?” काकू म्हणाल्या. “हिचंच घाला की. हिच्याइतकी गुणी भाडेकरीण साऱ्या कोल्हापुरात मिळायची नाही. बघू तरी, तिला माझं घर सापडतंय का!”

पुन्हा हसू. सौमित्रनं मान डोलावली. प्रीतीनं कीबोर्ड पुढं ओढला. नावाच्या कप्प्यात नाव. गावाच्या कप्प्यात गारगोटी. वस्तीचा चौकोन आला आणि त्यात बारीक रेघ उघडझाप करू लागली. तो मोकळा सोडला असता तरी चाललं असतं. घर सगळ्यांत वर आलं असतं, तिनं काल पाहिलं होतं. काकूंनी टाळी वाजवली असती. तिनं मान वळवून दाराकडे पाहिलं. गुंडू तिच्याकडेच बघत होता आणि त्यानं अगदी हलकेच, कुणाला दिसू नये अशी, मान नकारार्थी हलवली. नको, ताई. त्यात धमकी नव्हती. तो तिला वाचवू बघत होता. नेमकं त्यानंच तिचं ठरलं. चौकोनानं विचारलं होतं, आणि विचारल्यावर खोटं बोलायचं नव्हतं. तिनं समतानगर लिहिलं आणि शोधा म्हटलं.

भिंतीवर थोड्याच खोल्या आल्या. काकू पुढं झुकल्या. आण्णा म्हणाले, “आमची कुठाय?” दुसरंही कुणी म्हणालं, आमची पण नाही. “माझं घर?” काकू म्हणाल्या. “प्रीती, माझं घर गेलं कुठं?”

“टेक्निकल आहे काकू, एक मिनिट,” सौमित्र म्हणाला आणि त्यानं माउसवर हात ठेवला. प्रीतीनं माउस सोडला नाही.

“टेक्निकल नाही,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला. “घर आहे, काकू. मी शोधतेय म्हणून दिसत नाही.”

काकूंनी पर्समधून चष्मा काढला. त्या उठल्या आणि फळ्याकडे जावं तशा भिंतीकडे गेल्या. पत्त्याची ओळ वर होती. त्यांनी बोट धरून ती वाचायला घेतली, आणि त्यांच्या बोटाची सावली अक्षरांवर पडत गेली. प्रश्नचिन्ह. नाव. गाव. बोट समतानगरवर थांबलं आणि तिथंच राहिलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं नाही. मागं कुणीतरी खाकरलं. आण्णांनी एकदम खुर्ची मागं सरकवली. काकू वळल्या तेव्हा प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर आला आणि त्यांच्या कपाळावर कुणाच्या तरी खोलीचं भाडं उमटलं. त्या प्रीतीकडे बघत नव्हत्या.

“गुंडू,” त्या म्हणाल्या, “मी तुला काय सांगितलं होतं?”

गुंडूनं दाराची चौकट धरली. “आपल्यातलीच पायजे म्हणालासा, काकू.”

“आणि?”

“काकू, जाऊ दे की आता.”

“आणि काय म्हणाले होते मी?”

“ही प्रीती हाय न्हवं,” गुंडू म्हणाला, “अगदी हिच्यासारखी. असं म्हणालासा.”

“मग?” काकू म्हणाल्या.

त्यांनी हे शिक्षकाच्या आवाजात विचारलं, शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या, पण ते कुणाला विचारलं ते कळलं नाही. गुंडूनं खाली बघितलं. सौमित्रनं हात मागं घेतला. काकू भिंतीपुढं तशाच उभ्या होत्या, उजेडात डोळे मिचकावत, आणि विचारून झाल्यावर आपल्यालाही उत्तर येत नाही हे पहिल्यांदाच लक्षात आलेल्या माणसासारखं त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं. प्रीतीच्या पर्समध्ये त्यांच्या घराच्या किल्ल्या होत्या. आज संध्याकाळचा दिवा कुणी लावायचा ते अजून ठरलं नव्हतं. तिचं बोट खोडायच्या बटणाजवळ होतं. तेवढा एक शब्द खोडला की घर परत येणार होतं, सगळ्यांत वर, जिना बाहेरून. तिनं बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला. भिंतीवर ती ओळ तशीच राहिली, प्रश्नचिन्हाच्या पुढचा एकेक तुकडा जागच्या जागी, सगळे खरे.